कधीकाळी उडवलेलं होमबिल्ट दुपंखी विमान पुन्हा कसं शोधायचं: तयारीपासून खात्रीपर्यंत

वीस-तीस वर्षांपूर्वी अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये तुम्ही, तुमच्या वडिलांनी किंवा काकांनी एक छोटं दुपंखी विमान उडवलं होतं. कोणीतरी स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधलेलं, हवाई कसरतींसाठी. ते आज कुठे आहे, कोणाकडे आहे, शिल्लक तरी आहे का, हे शोधायचं आहे. या कामाला लागलेले बहुतेक जण लॉगबुकातला, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीतला, नंबर उचलतात आणि एफएएच्या, म्हणजे अमेरिकी नागरी विमान प्रशासनाच्या, संकेतस्थळावर टाकतात. समोर सेसना कंपनीचं एखादं भलतंच विमान येतं, नाहीतर 'नोंदणी रद्द' एवढंच दिसतं, आणि 'विमान भंगारात गेलं असणार' असं म्हणून ते थांबतात.

अडचण अशी की शेपटीवरचा नंबर ही या विमानांची कायमची ओळख नसते. तो बदलतो, दुसऱ्या विमानाला दिला जातो, देश बदलला की सुटतो. होमबिल्ट विमानाची खरी ओळख दोन गोष्टींत असते: ते बांधणाऱ्याचं नाव आणि त्याने स्वतः दिलेला सिरियल नंबर. सगळा शोध या जोडीपर्यंत पोहोचण्यासाठी आणि मग तिच्या मागे जाण्यासाठी करायचा. पुढचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. क्रम मोडला तर भलत्याच माणसाला पत्र जातं आणि भलत्याच विमानाचा फोटो घरात फ्रेम होतो.

## टप्पा १: घरातला कागद आधी, इंटरनेट नंतर

पहिले काही दिवस संगणक उघडूच नका. घरात जे आहे ते सगळं एका टेबलावर काढा: लॉगबुक, फोटो, निगेटिव्ह, हँगरच्या भाड्याच्या पावत्या, पेट्रोलची बिलं, विम्याचे कागद, स्पर्धेत भाग घेतला असेल तर गुणपत्रकं, त्या काळातली घरी पाठवलेली पत्रं. पत्रं विशेष महत्त्वाची. लॉगबुकात नुसता नंबर असतो, पण घरी लिहिलेल्या पत्रात 'विमान अमक्या गावच्या सुताराने आठ वर्षं खपून बांधलंय' असं एक वाक्य सापडतं आणि महिन्यांचं काम वाचतं.

मग एका वहीत दोन रकाने आखा. डावीकडे फक्त कागदावर लिहिलेलं किंवा फोटोत दिसणारं. उजवीकडे आठवणीतलं. 'लाल-पांढरं होतं' हे आठवणीतलं असेल तर उजवीकडेच राहू द्या, कितीही खात्री वाटली तरी. या विमानांचे पंख आणि मागचा भाग कापडाने मढवलेला असतो, ते कापड काही वर्षांनी बदलावं लागतं आणि कापडाबरोबर बहुतेकदा रंगही बदलतो. रंगाच्या आठवणीवर उभा केलेला शोध हमखास फसतो.

ज्यांनी उडवलं ते हयात असतील तर त्यांच्याशी बोला, पण उत्तर सुचवणारे प्रश्न टाळा. 'पिट्सच होतं ना?' (पिट्स हा कसरतीच्या छोट्या दुपंखी विमानांचा गाजलेला प्रकार) असं विचारलं की उत्तर 'हो' येतं. 'पुढे एकच बसायची जागा होती की दोन? आत कसं चढायचे? इंजिन हाताने फिरवून सुरू करायचे का?' असं विचारलं की खरी माहिती बाहेर येते. वयस्कर माणसाला एका बैठकीत पिळू नका. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आपोआप आठवलेलं जास्त भरवशाचं असतं.

फोटो मोठ्या रेझोल्यूशनने स्कॅन करा. निगेटिव्ह असेल तर तीच स्कॅन करा, कारण जुन्या प्रिंटमध्ये कडा कापलेल्या असतात आणि नंबर नेमका कडेलाच असतो. हौशी बांधणीच्या बऱ्याच विमानांवर नंबर फक्त तीन इंच उंचीचा चालतो, त्यामुळे तो मोठ्या अक्षरात शोधू नका. शेपटीच्या सुकाणूवर किंवा धडाच्या मागच्या भागावर भिंग लावून बघा.

तपासा: डाव्या रकान्यात किमान एक तारीख, एक विमानतळ आणि नंबराचा एखादा तुकडा आहे का? यांपैकी काहीच नसेल तर पुढे जाऊ नका, त्या काळातले आणखी एक-दोन ओळखीचे लोक गाठा.

## टप्पा २: नंबर नीट वाचा

अमेरिकी नंबराला कडक नियम आहेत आणि ते आपल्या फायद्याचे आहेत. 'एन' नंतर जास्तीत जास्त पाच चिन्हं. पहिलं चिन्ह आकडाच असतं आणि तो शून्य नसतो. अक्षरं आलीच तर शेवटी, फार तर दोन. इंग्रजी 'आय' आणि 'ओ' ही अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात.

आता लॉगबुकातलं हस्ताक्षर या नियमांवर घासून बघा. मधे 'एस' दिसतोय आणि त्याच्या पुढे आकडा आहे? मग तो इंग्रजी पाच आहे. शेवटी गोल 'ओ' दिसतोय? तो शून्य असेल, नाहीतर 'क्यू' किंवा 'डी'. एक आणि सात, तीन आणि आठ, 'बी' आणि आठ, 'झेड' आणि दोन, 'जी' आणि सहा, 'यू' आणि 'व्ही' या जोड्या नेहमी घोळ घालतात. त्याच माणसाने त्याच पानावर तारखेत सात कसा लिहिलाय ते बघा. जितके पर्याय शक्य वाटतात तितके सगळे लिहून काढा, एकच निवडू नका.

आणखी एक सवय लक्षात ठेवा. नियंत्रण मनोऱ्याशी बोलताना हाक छोटी करून नंबरातली शेवटची तीन चिन्हंच वापरतात. त्यामुळे अनेक वैमानिक लॉगबुकातही तेवढीच लिहितात. तुमच्याकडे तीनच चिन्हं असतील तर नंबर चुकलेला नसतो, अर्धा असतो.

ब्रिटनमधला नंबर 'जी' आणि पुढे चार अक्षरं असा असतो. कॅनडात आज 'सी' आणि पुढे चार अक्षरं. जुन्या कॅनेडियन फोटोत 'सीएफ' आणि तीन अक्षरं दिसली तर गोंधळू नका, ती आधीची पद्धत आहे.

## टप्पा ३: प्रकार फोटोवरून ठरवा, आठवणीवरून नाही

कसरतीचं कुठलंही छोटं दुपंखी विमान लोकांच्या तोंडी 'पिट्स' होतं. कर्टिस पिट्स यांचं पिट्स स्पेशल फार गाजल्यामुळे असं झालं, पण घरी बांधलेल्या दुपंखी विमानांत स्टीन स्कायबोल्ट, अ‍ॅक्रो स्पोर्ट, स्टारडस्टर टू, क्रिस्टन ईगल असे बरेच प्रकार आहेत. प्रकार चुकला तर पुढची यादी चुकते.

पाहण्याचा क्रम असा. आधी जागा मोजा. एकच जागा असेल तर पिट्स एस-१ ची शक्यता मोठी. दोन असतील तर स्कायबोल्ट, ईगल किंवा पिट्स एस-२. मग पंखाच्या लांबीचा अंदाज घ्या: एस-१ चे पंख टोकापासून टोकापर्यंत साधारण १७ फूट ४ इंच, एस-२ए आणि ईगलचे २० फुटांच्या आसपास, स्कायबोल्टचे २४ फूट. फोटोत शेजारी उभा असलेला माणूस हीच तुमची मोजपट्टी.

पिट्स एस-१ ठरलं तर एलरॉनकडे बघा, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला हलणाऱ्या फळ्यांकडे. फक्त खालच्या पंखावर एलरॉन असतील तर एस-१सी. वर-खाली चारही पंखांवर असतील आणि त्यांना जोडणारी उभी दांडी दिसत असेल तर एस-१एस किंवा एस-१डी. या दोघांतला फरक पंखाच्या कापात आहे: एस-१एसचा पंख दोन्ही बाजूंनी सारखा फुगीर, एस-१डीचा खालून सपाट. बाजूने घेतलेल्या फोटोत पंखाचं टोक दिसत असेल तर हे कळतं, नसेल तर दोन्ही शक्यता उघड्या ठेवा.

दोन जागांचं पिट्स असेल तर एक शंका आधीच मिटवा. एस-२ए ला १९७१ मध्ये प्रमाणपत्र मिळालं आणि ती विमानं वायोमिंगमधल्या अ‍ॅफ्टन गावच्या कारखान्यात तयार झाली. नोंदणीत निर्माता म्हणून 'एरोटेक' दिसेल. असं विमान होमबिल्ट नसतंच, आणि त्याचा शोध खूप सोपा, कारण सिरियल नंबर कारखान्याचा असतो.

क्रिस्टन ईगलबद्दल विशेष इशारा. त्याच्या किटबरोबर गरुडाच्या पिसांचा रंगीत नमुना यायचा आणि बहुतेकांनी तोच लावला. त्यामुळे 'अगदी हेच ते' असं वाटणारे ईगल जगभर आहेत. ईगलच्या बाबतीत रंग हा पुरावा धरूच नका.

सावधान: कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण), चाकांचे पाय, इंजिन, इतकंच काय पंखसुद्धा नंतर बदललेले असू शकतात. एस-१सी म्हणून बांधलेलं विमान पुढच्या मालकाने चार एलरॉनचे पंख लावून उडवलेलं असतं, आणि नोंदणीत मात्र जुनंच नाव राहतं. प्रकार ही गाळणी समजा, निकाल नव्हे.

## टप्पा ४: नोंदणीत शोध, पण योग्य खिडकीतून

एफएएच्या नोंदणी संकेतस्थळावर नंबर टाकला की वर आजचं विमान दिसतं आणि खाली, असतील तर, त्याच नंबराखाली पूर्वी नोंदलेली आणि काढून टाकलेली विमानं. लोक वरचं वाचून पान बंद करतात. खाली सरका. प्रत्येक जुन्या नोंदीत निर्माता, मॉडेल, सिरियल नंबर, नोंदणी रद्द झाल्याची तारीख आणि बहुतेकदा कारण असतं. तुमच्या लॉगबुकातली तारीख ज्या नोंदीच्या काळात बसते तीच तुमची.

निर्माता या रकान्यात 'पिट्स' शोधू नका. हौशी बांधणीत कायद्याने निर्माता म्हणजे बांधणारा माणूस. तिथे त्याचं आडनाव, कधी आडनाव-नाव उलट क्रमाने, कधी दोन भागीदारांची आडनावं जोडून असतील. मॉडेलच्या रकान्यातही एकवाक्यता नाही: 'पिट्स एस१', 'एस-१सी', 'स्पेशल', किंवा बांधणाऱ्याने ठेवलेलं स्वतःचंच नाव. सिरियल नंबर 'एक', 'शून्य शून्य एक', बांधणीच्या नकाशांच्या संचाचा क्रमांक, किंवा आद्याक्षरं असं काहीही असू शकतं.

पूर्ण नंबर हाती नसेल तर संकेतस्थळाच्या खिडकीचा उपयोग नाही. एफएए रोज ताजी होणारी संपूर्ण माहिती फुकट डाउनलोडला ठेवते. त्या झिप फाइलमध्ये तीन मजकुरी फाइल आपल्या कामाच्या: चालू नोंदणीची 'मास्टर', रद्द झालेल्यांची 'डीरेज', आणि निर्माता-मॉडेलच्या सांकेतिक क्रमांकांची 'एसीएफटीरेफ'. काम असं करा:

१. 'एसीएफटीरेफ' स्प्रेडशीटमध्ये उघडा आणि मॉडेलच्या रकान्यात 'पिट्स', 'एस-१', 'एस१', 'स्कायबोल्ट' अशी नावाची सगळी रूपं इंग्रजीत शोधा.

२. मिळालेल्या ओळींचे सांकेतिक क्रमांक वेगळे काढा.

३. ते क्रमांक 'मास्टर' आणि 'डीरेज' या दोन्हींत लावून बघा.

४. आता नंबराच्या शेवटच्या तीन चिन्हांनी गाळा. मग वर्षाने. राज्याने अगदी शेवटी.

या क्रमाने शेकडोंची यादी सहसा हातावर मोजण्याइतकी खाली येते. राज्याने आधी गाळू नका. नोंदीतला पत्ता शेवटच्या मालकाचा असतो. विमान तुम्ही टेक्सासमध्ये उडवलं असेल आणि शेवटचा मालक ओरेगनचा असेल, तर राज्याची गाळणी तुमचं विमानच फेकून देईल.

सावधान: 'नोंदणी संपली' किंवा 'रद्द' म्हणजे विमान नष्ट झालं असं नाही. १ ऑक्टोबर २०१० पूर्वी नोंदलेल्या प्रत्येक विमानाची पुन्हा नोंदणी २०१३ च्या अखेरपर्यंत करणं सक्तीचं होतं. धान्याच्या कोठारात पंख उतरवून ठेवलेल्या कित्येक विमानांच्या मालकांनी ते केलंच नाही. कागदावर ती मेली, पण कोठारात आहेत. माझ्या मते शोधण्याजोगी विमानं सगळ्यात जास्त याच गटात आहेत, आणि लोक नेमका हाच गट सोडून देतात.

कारण 'निर्यात' असं असेल तर बाजूला देशाचं नाव असतं. ब्रिटन असेल तर तिथल्या सीएएच्या, म्हणजे नागरी विमान प्राधिकरणाच्या, जी-इन्फो या नोंदणीत जा. तिथे पूर्वीची ओळख हा रकाना असतो आणि जुन्या नोंदवहीची पानंही स्कॅन करून ठेवलेली आहेत. ब्रिटनमध्येच बांधलेल्या विमानांचा सिरियल नंबर बहुधा 'पीएफए' ने सुरू होतो. ही हौशी बांधणाऱ्यांची संघटना, २००८ पासून तिचं नाव लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन झालं आहे. कॅनडाच्या नोंदणीतही इतिहासाचा शोध वेगळा घेता येतो. कुठल्याही देशात नवा नंबर शोधताना बांधणाऱ्याचं नाव आणि सिरियल हीच जोडी लावा.

आणि विमान भारतातच उडवलं असेल तर आधी एक गोष्ट पडताळा. आपल्याकडच्या जुन्या फ्लाइंग क्लबांच्या आठवणीतलं दुपंखी विमान बहुतेकदा टायगर मॉथ असतं. ते कारखान्यात बनलेलं, त्याचा शोध वेगळ्या वाटेने जातो. होमबिल्ट विमानाला भारतात व्हीटी नंबर, म्हणजे भारतीय नोंदणी, मिळणं फार दुर्मिळ. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव यांना व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली ती २०१७ मध्ये, आणि तेही दुपंखी नव्हे.

## टप्पा ५: ओक्लाहोमा सिटीहून पूर्ण फाइल मागवा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. नोंदणीचं संकेतस्थळ म्हणजे सातबारा: आज काय स्थिती आहे एवढंच सांगतो. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे कळायला फेरफार काढावे लागतात. विमानाचे फेरफार एफएएच्या ओक्लाहोमा सिटीतल्या नोंदणी शाखेत असतात आणि थोड्या शुल्कात कोणालाही मिळतात. तुम्ही मालक असण्याची अट नाही, परदेशात राहत असलात तरी चालतं.

मागणी करताना नंबराबरोबर सिरियल नंबरही द्या. नुसता नंबर दिला तर आज तो नंबर ज्याच्याकडे आहे त्या विमानाची फाइल येते.

फाइलचे दोन भाग असतात, दोन्ही मागा. पहिला मालकीचा. यात प्रत्येक विक्रीचं खरेदीखत, नोंदणीचे अर्ज, आणि होमबिल्टच्या बाबतीत अगदी सुरुवातीला एक प्रतिज्ञापत्र असतं: 'हे विमान मी स्वतः सुट्या भागांतून बांधलं आहे.' त्यावर बांधणाऱ्याची सही, गाव आणि सिरियल नंबर. तुमची जोडी इथे पक्की होते. दुसरा भाग उड्डाणयोग्यतेचा. यात प्रमाणपत्राचा अर्ज, मोठ्या दुरुस्त्यांच्या नोंदी आणि उड्डाणाच्या मर्यादांचं पत्र. सुरुवातीच्या चाचणी-उड्डाणांसाठी ठरवून दिलेला परिसर या पत्रात लिहिलेला असतो, म्हणजे विमानाचं पहिलं घर कळतं. अर्जाबरोबर विमानाचे फोटो किंवा तीन बाजूंची रेखाचित्रं जोडावी लागतात. स्कॅन काळपट असतात, पण मूळ विमानाचा हा सरकारी पुरावा दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

फाइल वाचायची पद्धत: पानं उलटसुलट क्रमाने लागलेली असतात, म्हणून आधी प्रत्येक खरेदीखताची तारीख, विकणारा, घेणारा अशी तक्त्यात नोंद करा. एका व्यवहारातला घेणारा पुढच्या व्यवहारात विकणारा असलाच पाहिजे. जिथे ही साखळी तुटते तिथे थांबा. तुटलेल्या जागी बहुधा न नोंदलेली विक्री, मृत्यूनंतरचा वारसा किंवा अपघातानंतर अवशेषांची विक्री असते. तारखांमध्ये तुमच्या वडिलांच्या उड्डाणाचा काळ कोणत्या मालकाच्या वाट्याला येतो ते बघा आणि त्या मालकाचं नाव घरच्या पत्रांत, फोटोंच्या मागे कुठे आहे का ते शोधा. दोन स्वतंत्र कागदांवर एकच नाव सापडलं की शोधाला पाया मिळाला असं समजा.

नंबर बदलल्याचा कागदही याच फाइलमध्ये असतो. मालकाला आपल्या आद्याक्षरांचा नंबर हवा असतो, तो अर्ज करतो, आणि जुना नंबर सुटतो. शोध अडकण्याचं हे फार मोठं कारण आहे.

साखळी किती लांब जाऊ शकते याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकी कसरतपटू वैमानिक बेटी स्केल्टन यांचं 'लिटल स्टिंकर' हे पिट्स, नंबर एन२२ई. त्यांनी ते १९४८ मध्ये घेतलं, १९५१ मध्ये विकलं, पुढे ते पुन्हा मिळवलं आणि १९८५ मध्ये स्मिथसोनियन संग्रहालयाला दिलं. आज ते व्हर्जिनियातल्या उड्वर-हेझी केंद्रात उलटं टांगलेलं आहे. म्हणून संग्रहालयंही यादीत ठेवा.

## टप्पा ६: अपघाताच्या नोंदी

हा टप्पा आधी करू नका, कारण नंबर पक्का नसताना भलत्याच अपघाताचा अहवाल वाचून घरातली माणसं हादरतात. पण सोडूही नका. अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या सरकारी संस्थेच्या 'कॅरोल' या शोधयंत्रात १९६२ पासूनच्या नोंदी आहेत. ब्रिटनमध्ये हे काम एएआयबी करते. साखळीत आलेले सगळे नंबर, जुने आणि नवे, एकेक करून घाला.

अहवालात नुकसानीचा दर्जा नीट वाचा. 'मोठं नुकसान' म्हणजे विमान संपलं असं नाही. स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा आणि लाकडी पंखांची ही विमानं पुन्हा उभी राहतात, बांधणारे दोन-चार हिवाळे घालवून ती उभी करतात. 'नष्ट' असं लिहिलं असलं तरी सांगाडा किंवा ओळखपट्टी दुसऱ्या बांधणीत गेलेली असू शकते, ते टप्पा ८ मध्ये बघू.

जीवितहानीचा अहवाल निघाला तर तो त्या वैमानिकाच्या घरच्यांचा दुःखाचा विषय आहे हे विसरू नका. त्यांना माहिती विचारायला पत्र पाठवू नका.

## टप्पा ७: माणसांपर्यंत पोहोचा

कागद जिथे संपतात तिथून माणसं सुरू होतात. आजच्या मालकाचं नाव मिळालं तर पत्ताही नोंदणीत असू शकतो. मात्र २०२५ पासून मालकांना आपली वैयक्तिक माहिती लपवण्याची मागणी करता येते, त्यामुळे पत्ता न दिसणं नेहमीचं होईल. मालक कंपनी असेल तर त्या राज्याच्या कंपनी नोंदणीत तिच्या अधिकृत प्रतिनिधीचं नाव मिळतं.

पत्ता नसेल तर तीन दारं ठोठवा. एक, विस्कॉन्सिनच्या ऑशकॉशमधली ईएए ही होमबिल्ट बांधणाऱ्यांची संघटना. तिच्या गावोगावच्या शाखांमध्ये 'अमक्याने विमान बांधलं होतं' हे आठवणारे लोक अजून असतात. दोन, १९७० पासूनचा इंटरनॅशनल एरोबॅटिक क्लब. स्पर्धेत उतरलेलं विमान तिथल्या लोकांनी पाहिलेलं असतं. ब्रिटनमध्ये हेच काम ब्रिटिश एरोबॅटिक असोसिएशन करू शकते. तीन, लॉगबुकातला विमानतळ. तिथल्या व्यवस्थापकाला फोन करा, पण मालकाचा पत्ता मागू नका. 'माझं पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचवाल का?' एवढंच विचारा. ही विनंती सहसा कोणी नाकारत नाही.

पत्र कसं लिहायचं यावर थोडं थांबतो, कारण इथवर नीट आलेले लोक इथे घाई करतात. अनोळखी माणूस विमानाची चौकशी करतो तेव्हा मालकाच्या मनात दोन शंका येतात: हा विकत घ्यायला आलाय, किंवा हा वकिलाकडून आलाय. बांधणारे आणि जुने मालक खटल्याला खरोखर घाबरतात. त्यांनी विकलेल्या विमानाला पुढे काही झालं असेल तर जबाबदारी आपल्यावर येईल ही भीती त्यांना वर्षानुवर्षं असते. त्यामुळे पहिल्या पत्रात हे असू द्या:

- तुम्ही कोण आणि या विमानाशी तुमचा संबंध काय, दोन वाक्यांत.
- जुन्या फोटोची चांगली प्रत, त्यांना ठेवून घेण्यासाठी. हीच तुमची खरी ओळख.
- विकत घ्यायचं नाही, कायदेशीर काही नाही, हे स्पष्ट शब्दांत.
- एकच प्रश्न: विमान आज आहे का?

उड्डाणाची मागणी, भेटीची तारीख, बांधणीबद्दलचे वीस प्रश्न, यांपैकी काही नको. ईमेल असला तरी कागदी पत्र पाठवा. ही माणसं बहुतेक वयस्कर असतात आणि फोटो हातात धरायला त्यांना आवडतं. उत्तर आलं नाही तर दोन-तीन महिन्यांनी एकदा पुन्हा लिहा. त्यानंतर थांबा.

सावधान: मालकाचं नाव, पत्ता किंवा हँगरचा क्रमांक कुठेही जाहीर करू नका. विमानं आणि त्यांचे सुटे भाग चोरीला जातात.

उड्डाणांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर विमान दिसत नाही म्हणून ते उडत नाही असंही समजू नका. बऱ्याच एस-१ मध्ये वीजव्यवस्थाच नसते, इंजिन हाताने पंखा फिरवून सुरू करतात. मुळापासून अशी असलेल्या विमानांना ठिकाण सांगणारं यंत्र बसवण्याच्या नियमातून मोठी सूट आहे. रोज सकाळी उडणारं विमानही त्या नकाशावर अदृश्य असू शकतं.

## टप्पा ८: तेच आहे का, याची खात्री

मालकाने 'हो, माझ्याकडे आहे' असं लिहिलं की लगेच घरी पेढे वाटावेसे वाटतात. थोडं थांबा आणि चार गोष्टी जुळवा.

पहिली, ओळखपट्टी. प्रत्येक विमानाला न जळणारी धातूची पट्टी लावावी लागते. होमबिल्टवर ती धडाच्या बाहेरच्या बाजूला, मागच्या दाराजवळ किंवा शेपटीपाशी असते. बांधणाऱ्याचं नाव, मॉडेल आणि सिरियल तिच्यावर कोरलेलं असतं. तिचा फोटो मागा आणि फाइलमधल्या प्रतिज्ञापत्राशी अक्षर न् अक्षर ताडून बघा.

दुसरी, विमानाची स्वतःची लॉगबुकं, म्हणजे वैमानिकाची नव्हे, सांगाड्याची. सुरुवातीच्या चाचणीत कोणत्या कसरती करून पाहिल्या याची नोंद त्यांत असायला हवी, कारण पुढे त्याच कसरतींना परवानगी असते. तुमच्या वडिलांच्या काळातलं वार्षिक तपासणीचं पान मागा. तिथला मेकॅनिक आणि विमानतळ तुमच्या कागदांशी जुळतो का?

तिसरी, कॉकपिटचा फोटो. बाहेरचा रंग फसवतो, पण उपकरणांच्या पाटीवर कापलेली भोकं सहसा तशीच राहतात. उंचीमापक डावीकडे वर, वेगमापकाच्या खाली एक रिकामं भोक झाकणाने बंद केलेलं, कडेला हाताने ठोकलेलं लेबल अशा खुणा तीस वर्षांनीही जागच्या जागी सापडतात. जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून भोकांची मांडणी मोजा. माझा सगळ्यात जास्त भरवसा याच पुराव्यावर आहे.

चौथी, दुरुस्तीचा इतिहास. अपघातानंतर पंख नवे, धडाचा पुढचा भाग नवा, जुनी फक्त ओळखपट्टी आणि शेपटी, असं विमान मिळालं तर ते 'तेच' मानायचं का? कायद्याच्या दृष्टीने कागद जोडलेले असले की तेच. तुमच्यासाठी मात्र काय उरलंय हे मालकाला सरळ विचारून घ्या आणि घरच्यांना तसंच सांगा. माझं मत असं की सांगाडा मूळचा असेल तर विमान तेच, कारण बांधणाऱ्याच्या हातचे वेल्डिंगचे सांधे त्या नळ्यांत असतात. सांगाडाच नवा असेल तर ते त्याच नावाचं दुसरं विमान.

तपासा: चारपैकी ओळखपट्टी आणि आणखी किमान एक गोष्ट जुळली का? नुसता रंग आणि नंबर जुळला असेल तर टप्पा ५ ला परत जा.

खात्री झाली की तुमच्याकडचे सगळे जुने फोटो आणि लॉगबुकातल्या संबंधित पानांच्या प्रती मालकाला पाठवून द्या, त्याने न मागताही. मूळ वस्तू घरीच ठेवा. भेट ठरली तर हँगरमध्ये मालकाने सांगितल्याशिवाय विमानाला हात लावू नका, विशेषतः पुढच्या पंख्याला: इंजिन बंद असलं तरी तो नेहमी धोकादायक समजायचा. कापडाच्या पंखावर कुठे पाय ठेवायचा ते मालक दाखवेल, तेवढ्याच पट्टीवर ठेवा. आणि ज्यांनी ते उडवलं होतं त्यांना सोबत नेत असाल तर आत बसायचं की नाही हे त्यांच्या गुडघ्यांना आधी विचारा. पिट्सच्या कॉकपिटमध्ये उतरणं एकवेळ जमतं, बाहेर येताना दोन माणसांचा आधार लागतो.